सहाव्या बादलीपाशी

खण्…

बादलीची कडी वाजली. एकदाच.

चैत्रातली दुपार होती. सगळं बोर्डिंग जेवून आडवं झालं होतं. वारा पडलेला. कावळासुद्धा ओरडत नव्हता. मथुरा लेकीच्या, काशीच्या, डोक्याला तेल लावत होती. तिचा हात तिथेच थांबला.

ही हकिगत खरी आहे, हे आधीच सांगते. साल १९३४, गाव रत्नागिरी. जिच्या बाबतीत हे घडलं ती मथुरा म्हणजे माझ्या सख्ख्या वन्सं. त्यांनी मला हे तीनदा सांगितलं, आणि तिन्ही वेळा त्यात एक अक्षरही बदललं नाही. इथे मी त्यांना नुसतं मथुरा म्हणते. तशी मुभा त्यांनीच दिली. कॉलेजचं नाव मात्र लिहीत नाही. तिथल्या पुष्कळ जणी अजून नोकरीत आहेत.

गावाबाहेर कातळावर मास्तरणी तयार करणारं एक लहानसं ट्रेनिंग कॉलेज होतं. जांभ्या दगडाची कौलारू इमारत. मागे बावीसजणींचं बोर्डिंग. कोपऱ्यात विहीर, आणि माडाच्या झापांनी शाकारलेलं स्वयंपाकघर. बोर्डिंगची देखरेख मथुराकडे होती. तिचा नवरा खलाशी. जयगडच्या खाडीबाहेर गलबत बुडालं, त्यात गेला. तेव्हा काशी पोटात होती. आता साडेचार वर्षांची झाली होती. या नोकरीवर दोघींचं पोट होतं, डोक्यावर छप्पर होतं, आणि येत्या जूनपासून मथुराला वर्गात बसू देऊ असं मोठ्या बाईंनी कबूल केलं होतं. नोकरी गेली तर गुहागरला दिराच्या दारात जाऊन उभं राहायचं, आणि जन्मभर त्यांची भांडी घासायची.

स्वयंपाकघराच्या दाराशी दगडी कट्टा होता. कट्ट्यावर सहा लाल बादल्या. आग लागली तर हाताशी असाव्यात म्हणून कायम भरलेल्या. त्या भरणं आणि झाकणं हे मथुराचं काम.

खण्…

पुन्हा.

मथुरा उठून पडवीत आली. पाच बादल्यांच्या कड्या खाली पडलेल्या होत्या, नेहमीसारख्या.

सहावीची कडी…

उभी होती.

सरळ उभी. कुणीतरी उचलून धरावी तशी.

मग ती पडली. खण्.

"कोण आहे गं तिकडे?"

कुणीच नव्हतं. अंगण उन्हाने पांढरं झालं होतं. मागून काशी आली, एक वेणी घातलेली, एक सुटी.

"आई, ती ताई विचारत्ये काहीतरी."

"कोण ताई?"

"ती काय. हात लावू का, म्हणून विचारत्ये."

मथुराने लेकीला उचललं, खोलीत नेलं आणि भर दुपारी दाराला कडी घातली.

*

त्या महिन्यात वरून एक कागद आला होता. दर महिन्याला आगीची कवायत करायची. घंटा झाली की हातातलं काम टाकून सगळ्यांनी बाहेर यायचं, विहिरीपासून स्वयंपाकघरापर्यंत रांग धरायची, आणि बादल्या हातोहात पोचवायच्या.

पहिल्या कवायतीला आनंदीबाई, म्हणजे कॉलेजच्या मोठ्या बाई, हातात घड्याळ धरून पायरीवर उभ्या राहिल्या. मुलींना सगळी गंमतच वाटत होती.

"बाई, आग लागली की आधी धावायचं की आधी वेणी घालायची?" मंडणगडच्या कमळाने विचारलं.

"आधी तोंड मिटायचं."

"तिचं तोंड सहा बादल्यांनी नाही हो विझायचं," रांगेतून कुणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला.

बावीसजणींत तुळसा एकटीच अस्पृश्य मानलेल्या समाजातली. सरकारी हुकूम होता म्हणून प्रवेश मिळालेला. वर्गात ती बसायची, पण विहिरीला, पाण्याला तिचा हात लागता कामा नये. कुणी वरून ओतेल तेव्हा ती ओंजळीने प्यायची.

"तुळसा, तू घंटेपाशी," आनंदीबाई म्हणाल्या. "वाजवायची आणि तिथेच उभी राहायचीस."

"हो बाई."

घंटा झाली. रांग लागली. स्वयंपाकघराच्या दाराशी, सगळ्यांत शेवटी, मथुरा. तिच्या आधी कमळा. एक बादली आली, दुसरी आली. पाच बिनबोभाट आल्या.

सहावी हातात आली आणि मथुरा किंचाळली.

कडी…

तापलेली होती. चुलीतून काढलेल्या उलथन्यासारखी. आत विहिरीचं गार पाणी, आणि कडी धरवत नव्हती. बादली पडली, पाणी सांडलं. आनंदीबाईंनी कपाळाला आठी घातली.

मथुराने तळहात फुंकत वर पाहिलं. कमळा दोन हात लांब उभी होती. दोघींच्या मधे एक माणूस मावेल एवढी जागा होती.

"कमळे, इतकी लांब का उभी राहिलीस?"

"लांब कुठे? शेजारणीच्या हातात तर दिली."

"कोण शेजारीण?"

कमळाने त्या मोकळ्या जागेकडे पाहिलं.

त्या दिवशी ती पुन्हा एकदाही हसली नाही.

*

"हौसा ती," गोदूबाई म्हणाली.

गोदूबाई स्वयंपाकीण. खांद्यापासून मनगटापर्यंत तिचा डावा हात जुन्या भाजण्याने आकसलेला. तिसऱ्या प्रहरी ती तांदूळ पाखडत बसली होती. मथुराने तळहातावरचा फोड दाखवला तेव्हा म्हातारीने काही विचारलं नाही. सांगायलाच लागली.

"सहा वर्षं झाली गो बाय. तुळसाच्याच समाजातली. तशी इथे शिकायला आलेली पहिलीच पोर ती. बाकीच्या वर्गात होत्या. ही कट्ट्याशी, त्या सहाव्या बादलीपाशी बसलेली, कुणी पाणी ओतील म्हणून वाट बघत. मी आत चुलीपाशी. ठिणगी उडाली नि माझा पदर पेटला. पोर दारात आली. हाताशी सहा बादल्या, भरलेल्या. ओरडली, काकी, हात लावू का?"

"मग?"

सूप थांबलं.

"मी गप्प राहिले."

गोदूबाईने सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला.

"पेटलेली होते गो मी. तरी लाव म्हणायला जीभ वळेना. पुन्हा विचारलंन तिने. मग बादलीला नाही लावलान हात. मला लावलान. ओढून बाहेर काढलंन. मी वाचले. तिच्या लुगड्याने पेट घेतला होता… बायका धावत आल्या तेव्हा सहाच्या सहा बादल्या जशाच्या तशा."

गोदूबाईने सूप पुन्हा हलवायला घेतलं. तांदूळ बाहेर सांडत होते. तिला कळत नव्हतं.

मथुरा तशीच उठून आनंदीबाईंच्या खोलीत गेली.

"बाई, पुढच्या कवायतीला तुळसा रांगेत उभी राहील. सहाव्या बादलीपाशी."

आनंदीबाईंनी चष्मा काढला. "कमिटी ऐकायची नाही. निम्म्या मुलींचे बाप येऊन त्यांना घेऊन जातील. आणि तुझं जूनचं काय?"

"जाऊ दे जून."

"लेक आहे तुला."

"आहे म्हणूनच सांगत्ये. उद्या तिच्या परकराला आग लागली, तर कुणी दारात उभं राहून परवानगी मागायला नको."

"भुताखेतांवर कॉलेज चालत नाही, मथुरा."

"मग उद्या दुपारी या कट्ट्यापाशी. ती विचारेल. तुम्ही उत्तर द्या."

आनंदीबाईंनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला.

"मी दुपारची तिकडे जात नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "सहा वर्षं गेले नाही."

मग आवाज चढवून म्हणाल्या, "तुळसा घंटेपाशीच राहील. जा आता."

*

कडी रोज वाजायची. दुपारी, सगळं निजलं की. मथुराने दार लावून घ्यायचं सोडून दिलं. काशीला मांडीवर घेऊन ती पडवीत बसून राहायची. मला हलवायचं असेल तर हलव बघू, असं तोंड करून. तिला तो प्रश्न ऐकू येत नसे, काशीला येई. काशी म्हणे, "विचारलं बघ."

उत्तर द्यावं असं मथुराला रोज वाटे. शब्द ओठांपर्यंत येई.

पण हो म्हटलं, आणि खरंच कुणी हात लावला तर?

तीही गप्प राहायची. आणि मग स्वतःचाच राग यायचा.

वैशाख लागला. त्या मंगळवारी सकाळपासून समुद्राकडून वारा सुटला होता. मथुराचा जेवणानंतर जरा डोळा लागला, आणि घंटा झाली.

कवायतीचा दिवस नव्हता.

घंटा थांबेना. मथुराने शेजारी हात फिरवला. चटई रिकामी होती. काशी गुळाचा खडा मागायला गोदूबाईकडे जायची, ते तिला त्याच क्षणी आठवलं. पडवीत येऊन पाहते तर स्वयंपाकघराच्या छपरातून धूर निघत होता, आणि दाराच्या चौकटीवरच्या झापांनी पेट घेतला होता.

आतून काशीची हाक आली.

मथुरा धावली. बायका खोल्यांमधून बाहेर पडत होत्या, विहिरीकडे पळत होत्या. शिकवलेलं अंगात मुरलं होतं. पण कट्ट्यापाशी सगळ्यांच्या आधी पोचली होती तुळसा. घंटा सोडून ती धावत आली होती. सहा बादल्या तिच्यासमोर होत्या.

ती थांबली.

हात पुढे केलेला. कडीपासून वीतभर वर. आनंदीबाई पायऱ्या उतरून आल्या होत्या. सहा वर्षांत पहिल्यांदाच त्या तिथे उभ्या होत्या. तुळसाने त्यांच्याकडे पाहिलं.

"बाई, हात लावू का?"

आणि तिच्या पाठोपाठ, तिच्या शेजारून, जिथे कुणीच नव्हतं तिथून…

"हात लावू का?"

या वेळी सगळ्यांनी ऐकलं. मथुरानेही. रांग जागच्या जागी थिजली. विहिरीचा रहाट थांबला. आनंदीबाई बादल्यांकडे पाहत राहिल्या.

"लावा!" मथुरा बेंबीच्या देठापासून ओरडली. "दोघी लावा! सगळ्या बादल्यांना लावा! विचारता काय?"

तुळसाने बादली उचलली आणि चौकटीवर मारली. लगेच दुसरी बसली, तिसरी बसली. धुराचा लोट उठला, ज्वाळा खाली बसली, आणि त्या फटीतून मथुरा आत घुसली. गोदूबाईने काशीला हंड्यांच्या आड कोपऱ्यात बसवून तिच्यावर ओलं गोणपाट टाकलं होतं, आणि स्वतः वर पालथी पडली होती. मथुराने एकीला काखोटीला मारलं, दुसरीचा तोच भाजका हात धरला, आणि दोघींना बाहेर ओढून आणलं.

रांग पुन्हा सुरू झाली. रिकाम्या बादल्या विहिरीकडे, भरलेल्या छपराकडे. तुळसा रहाटावर दोर ओढत होती. कुणी तिला अडवलं नाही. अडवायला कुणाचा हात मोकळाच नव्हता.

अर्धं छप्पर गेलं. माणूस एकही गेलं नाही.

सहावी बादली कुणी उचलली, ते मात्र आजतागायत कुणाला सांगता येत नाही. कमळा म्हणते तुळसाने. तुळसा म्हणते, मी पाच मारल्या. सहाव्या बादलीचं पाणी माझ्या खांद्यावरून पुढे गेलं.

"कमिटी तुला आता ठेवणार नाही," आनंदीबाई मथुराला म्हणाल्या.

"मग तसा कागद आणा."

चौथ्या दिवशी खरोखरच आला कागद. मथुराने तो वाचला, उलटा केला, आणि मागच्या कोऱ्या बाजूवर रांगेतली नावं क्रमाने लिहिली. सहाव्या बादलीपुढे तुळसाचं. मग तो कागद स्वयंपाकघराच्या उरलेल्या दारावर डकवला. "खळ चांगली दाट लावा हो," कमळा मागून म्हणाली, "जन्मात निघता कामा नये." काढायला कुणी पुढे आलं नाही. आणि मथुरा गुहागरलाही गेली नाही. कशी राहिली, कशी शिकली, ती हकिगत निराळी.

पण हे सगळं मागाहूनचं. त्या दुपारी आग विझली तेव्हा सगळ्याजणी काळवंडलेल्या तोंडांनी पायऱ्यांवर बसल्या होत्या. गोदूबाई उठली. कळशीतलं पाणी तांब्यात घेतलं आणि तांब्या सगळ्यांत आधी तुळसासमोर धरला. वरून ओतायला नव्हे. हातात.

तुळसाने घेतला. घटाघटा प्यायली.

"सगळं संपवू नको गो," कमळा म्हणाली, "आम्हांलाही घसे आहेत." तुळसा हसली, कमळा हसली. एकदोघी उठून आत निघून गेल्या, त्या न पिताच. बाकीच्या त्याच तांब्याने प्यायल्या. तांब्या फिरत फिरत मथुराकडे आला. तिने आधी काशीला पाजलं, मग आपण प्यायली. लेकीच्या केसांना जळक्याचा वास येत होता. मथुराने तिला आणखी जवळ ओढलं.

काशी मात्र आईकडे बघत नव्हती.

कट्ट्याच्या शेवटाकडे बघत होती.

वन्सं हकिगत इथवर आणतात आणि थांबतात. त्यांचं लक्ष दाराकडे जातं. हातात पाण्याचं भांडं असलं तर ते खाली ठेवतात.

तिथे, त्या पायऱ्यांवर, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात काशीने विचारलं,

"आई, सगळ्या प्यायल्या. पण त्या ताईला पाणी कुणी दिलं?"