देवीडॉक्टरची पैज

चैत्रातलं ऊन चढत होतं. मी नदीकाठच्या देवीच्या रोग्यांच्या शेडकडे निघाले, तेवढ्यात दवाखान्याच्या दारातच एक सायकल आडवी आली. स्वाराच्या खांद्याला लशीची पेटी आणि चेहराभर देवीचे व्रण. हा पिंपरीचा नवा देवीडॉक्टर — वाड्यावस्त्यांवर लस टोचत फिरणारा ज्योतीराम.

"नर्सबाई, शेडवर तुम्हाला कोणी नेमलं?"

"आमच्या डॉक्टरांनी, नानासाहेबांनी. देवी येऊन गेलेल्यांनाच तिथे पाठवतात. मला लहानपणीच येऊन गेल्यात." मी ऐटीत भुवईवरचा व्रण दाखवला.

तो जवळ आला आणि नको तितका वेळ बघत राहिला... माझे कान तापले.

"एकच? देवी इतका चिक्कूपणा करत नाहीत, बाई. माझ्याकडे बघा — ह्यांना म्हणतात देवी. तुम्हाला कांजिण्या आल्या असणार."

"म्हणजे माझ्या आईला कळत नव्हतं होय?"

"लावा पैज. आत्ता टोचतो. फोड आला तर तुम्हाला देवी कधी आल्याच नव्हत्या. नाही आला तर मी हरलो, महिनाभर तुमची घागर वाहीन."

"आणि आला तर?"

"ते... तेव्हा सांगेन."

मी हट्टानेच दंड पुढे केला. त्याने इतकं अलगद टोचलं की मला उगीचच राग आला. निकाल लागेपर्यंत माझ्याऐवजी शेडवर तो गेला.

आणि माझी झोप उडाली. नानासाहेब सहज बोलून गेले होते, "एकदा येऊन गेल्या की सहसा पुन्हा येत नाहीत. क्वचित येतातही." त्या 'क्वचित'पायी मला घास गिळेना. रोज शेडच्या कुंपणापाशी त्याची भाकरी ठेवायची आणि त्याने दुरून हात हलवेपर्यंत तिथेच थांबायचं. आमची आया छबूबाई हसायची, "शालनताई, भाकरीचं निमित्त हाय. तुमाला त्येचं त्वांड बघायचं असतंय."

इकडे दंडावर चांगला टपोरा फोड आला. मी तशीच शेडमध्ये शिरले असते तर... त्याला ओरडून सांगावंसं वाटलं, पण हरल्याचं कुंपणावरून कसं सांगायचं?

शेवटचा रोगी बरा होऊन घरी गेला, तेव्हा ज्योतीराम पवना नदीत अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, मी पाणी भरत होते त्या विहिरीपाशी आला. वाळला होता, पण धडधाकट होता. माझा जीव भांड्यात पडला. मी दंड पुढे केला. खपली पडून ताजा व्रण उमटला होता.

"हरले. बोला, काय द्यायचं?"

त्याने पहिल्यांदाच मान खाली घातली. "हा चेहरा बघून दोन ठिकाणांहून नकार आलाय. तिसऱ्यांदा विचारायचं धाडस..."

"इतके दिवस कुंपणापाशी उभी राहून मी हाच चेहरा शोधत होते," मी म्हणाले. "विचारा की."

त्याने विचारलं. मी हो म्हणाले, आणि लाज लपवायला घागर उचलायला वाकले.

त्याने ती आधीच खांद्यावर घेतली होती.

"अहो, पैज तुम्ही जिंकलात."

"म्हणूनच," तो म्हणाला आणि पुढे चालू लागला.