तीन बोटं माया

काम अगदी साधं होतं. एका निळ्या फ्रॉकच्या बाह्या इंचभर लांब करायच्या होत्या.

फ्रॉक हातात धरता येईल असा नव्हता. इंटरनेटवर एक गाव आहे. तिथे माणसं आपापले अवतार घेऊन जातात, घरं बांधतात, बागा लावतात, ओट्यावर बसून गप्पा मारतात. अवतार म्हटला की कपडे आलेच, आणि ते कपडे करणाऱ्यांपैकी एक होती गोगलगाय. हे तिचं खरं नाव नव्हतं, पण शाळेपासून सगळे तिला असंच म्हणत, कारण कुणी मोठ्याने हाक मारली की ती आत जाऊन बसायची. मोठी झाली, कामाला लागली, तरी नाव तेच राहिलं.

ती मावशीकडे राहायची. मावशीचं शिवणकामाचं दुकान होतं. पुढच्या खोलीत मावशीचं मशीन, मागच्या खोलीत भाचीचा कॉम्प्युटर आणि मध्ये एक पडदा. घरभर इस्त्रीचा, मशीनच्या तेलाचा आणि कोऱ्या कापडाच्या खळीचा वास असायचा. तो वास इतका सवयीचा होता की तिला तो जाणवतही नसे.

"दिवसभर त्या अवतारांना नटवतेस," मावशी पडदा सारून म्हणायची, "आणि स्वतःचा अवतार बघ. सकाळपासून केसांना कंगवा नाही."

एकदा मावशी चहाचा कप घेऊन तिच्या मागे उभी राहिली. कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक लांब कोट होता, मखमली, चांदीच्या बटणांचा. त्या गावात त्या महिन्यात सगळ्यांना तसलाच कोट हवा होता.

"छान आहे गं. उलटा कर बघू."

गोगलगायीने कोट उलटा केला. आत काहीच नव्हतं. अस्तर नाही, टीप नाही. नुसती पोकळी.

"माया कुठाय?" मावशीने विचारलं.

शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात, त्याला शिवणारी माणसं माया म्हणतात. अंग भरलं, मूल वाढलं, की शिवण उसवायची आणि ती माया बाहेर काढायची. कपडा फेकावा लागत नाही.

"आतलं कुणाला दिसतच नाही, मावशी. आणि अवतार वाढत नाहीत. त्यांना कशाला माया?"

"वाढत नाही ते कसलं मेलं अंग," मावशी म्हणाली आणि कप घेऊन मशीनकडे गेली.

त्यानंतर चारेक दिवसांनी तो निरोप आला. वर्षभरापूर्वी एका बाईंनी तिच्याकडून लहान मुलीचा निळा फ्रॉक घेतला होता. साधा, गोल गळ्याचा, मनगटापर्यंत बाह्यांचा. आता त्यांनी लिहिलं होतं, 'ताई, बाह्या आखूड झाल्यात. मनगट उघडं पडतंय. जरा बघाल का?'

तिने फ्रॉक तपासला. त्यात काही बदल नव्हता. मग बाईंकडून परवानगी घेऊन तिने अवताराची मापं उघडली. वर्षापूर्वीची मापं तिच्याकडे टिपलेली होती. हात इंचभर वाढला होता. उंची दोन इंच.

'काकू, तुमच्याकडून चुकून काही दाबलं गेलं का?' तिने लिहिलं.

'मला ते कुठे येतं? मला नुसतं आत शिरायलासुद्धा चष्मा लागतो,' बाईंनी उत्तर दिलं. 'तिचं ती वाढते.'

नंतर एक लांब निरोप आला. तो तिने तीनदा वाचला.

'माझी लेक नऊ वर्षांची असताना गेली. दोन वर्षं झाली. हा अवतार तिने स्वतः केला होता. अगदी आपल्यासारखाच हवा म्हणून मला टेप घेऊन बसवलं, डोक्यापासून पायापर्यंत मापं घ्यायला लावली आणि तिनेच वहीत लिहिली. डावखुरी होती. लिहिताना हात शाईवरून फिरायचा, सगळे आकडे पुसट व्हायचे. तिचा फोन मी अजून चार्जिंगला लावून ठेवते. तो चालू असला की ती तिथल्या घराच्या अंगणात उभी असते. शाळा अडीचला सुटायची, म्हणून मी अडीचला जाते. ती बोलत नाही. मीच दिवसभराचं सांगते. पण कपडे आखूड झाले की ती अंगणात येत नाही. मागच्या वेळी आठ दिवस आली नव्हती, म्हणून तर तुमच्याकडून निळा फ्रॉक घेतला. ताई, मला तिला भेटायला दुसरी जागा नाही हो.'

गोगलगायीला वाटलं, दुःखाने बाईंना भास होत असतील. पण मापं तर तिने स्वतः पाहिली होती. तिने मुकाट्याने बाह्या लांब केल्या, घेर उतरवला आणि फ्रॉक पाठवून दिला. बाईंनी लिहिलं, 'आली. छान दिसतेय.'

दोन महिन्यांनी बाह्या पुन्हा आखूड झाल्या.

आता मात्र तिला बरं वाटेना. हा बिघाड आहे, तिने स्वतःला बजावलं. कुठलातरी आकडा आपोआप पुढे सरकतोय. आणि बिघाड असेल तर तो दुरुस्त करता येतो. तिने अवताराची सगळी मापं एकेक करून पक्की केली, म्हणजे कुणालाही बदलता येऊ नयेत अशी, आणि बाईंना कळवलं, 'काकू, आता काळजी नको. आता फ्रॉक कधीच आखूड होणार नाही.'

तिसऱ्या दिवशी, दुपारी पावणेतीनला, निरोप आला.

'ती अंगणात नाही. दार आतून लावलंय. ताई... ते दार मी कधीच लावत नाही.'

दुकानाचं शटर दुपारपुरतं अर्धं खाली ओढलेलं होतं. मावशी कापायच्या टेबलावर हाताची उशी करून झोपली होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. इतकं शांत होतं की भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकताना अडखळतो, तेही ऐकू येत होतं. गोगलगायीने हेडफोन लावले आणि ती त्या गावात शिरली.

बाईंचं घर गावाच्या टोकाला होतं. लहानसं, पिवळ्या भिंतींचं. अंगणात एक झोपाळा होता आणि तो हलत होता, पण त्या गावात झोपाळे नेहमीच हलतात. कुणी बसलेलं असो वा नसो, ती चित्रातली गंमत असते. बाईंचा अवतार दाराशी उभा होता. करडी साडी, पांढरे केस. बाईंनी स्वतःचा अवतार तरुणसुद्धा केला नव्हता.

"आत आवाज येतोय का हो?" हेडफोनमध्ये बाईंचा आवाज आला. अगदी हळू, शेजारच्या खोलीत कुणी झोपलंय अशा बेताने.

"नाही, काकू... कसलाच नाही."

"मला येतोय. कापड ताणल्यासारखा..."

गोगलगाय खिडकीशी गेली. आत खोलीच्या कोपऱ्यात मुलगी भिंतीकडे तोंड करून उभी होती. खांदे आत ओढलेले, कोपरं बरगड्यांशी घट्ट धरलेली, पाठ किंचित वाकलेली. गोगलगायीने असं उभं राहणं हजार वेळा पाहिलं होतं. पुढच्या खोलीत, मावशीसमोर, गेल्या वर्षीचा कपडा अंगात कोंबून आलेली मुलं अशीच उभी राहतात. श्वास सोडला तर शिवण जाईल या भीतीने.

अवताराला कुणीतरी उभं राहायच्या ढबी शिकवाव्या लागतात. ही ढब त्या गावात कुणीच केलेली नव्हती.

मग तिला तो आवाज ऐकू आला. ताणलेल्या धाग्याचा बारीक, कोरडा आवाज... आणि खळीचा वास इतका दाटून आला की जणू कुणी नवं कापड तिच्या तोंडासमोर झटकलं होतं.

तिला पळून जाता आलं असतं. एक बटण दाबलं की संपलं. पण दाराशी ती करडी साडी उभी होती, आणि आत जे काही होतं ते तिने, तिच्या हाताने, बंद करून ठेवलं होतं.

तिने मापं उघडली आणि पक्की केलेली प्रत्येक गाठ सोडवली. शेवटची सुटली तसे आकडे स्वतःच पळायला लागले. हात, खांदे, पाठ, उंची. सव्वा इंच, आणि थांबले. खूप वेळ रोखून धरलेला श्वास कुणीतरी सोडावा, तसे. भिंतीकडे तोंड केलेली मुलगी हळूहळू सरळ झाली. निळी बाही मनगटाच्या तीन बोटं वरच संपत होती.

"काकू," गोगलगाय म्हणाली, आणि स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. "चूक माझी आहे. मला दोन दिवस द्या."

हेडफोन काढले तेव्हा मावशी पडद्याशी उभी होती. डोळ्यांवर अजून झोप होती.

"काय गं? पांढरीफटक पडलीयेस."

गोगलगायीने सगळं सांगितलं. ती इतकं बोलल्याचं मावशीला आठवत नव्हतं. मावशी हसली नाही, घाबरलीही नाही. स्टूल ओढून कॉम्प्युटरसमोर बसली.

"वाढत्या मुलीचा फ्रॉक आहे ना? मग तसा शीव."

दोन दिवस मावशी सांगत गेली आणि भाची करत गेली. बाह्यांच्या टोकाला आतून तीन घड्या, एकेक बोटाची. कुशीत, म्हणजे दोन्ही बाजूंच्या शिवणीत, तीन बोटं माया. खाली घेराला तीन घड्या, प्रत्येकीला वेगळी तुरपाई, म्हणजे एक उसवली तर बाकीच्या जागच्या जागी राहतील. कुणालाही कधी दिसणार नाही अशा जागी गोगलगायीने एकेक टाका काढला.

"टाके थोडे सैल ठेव," मावशी म्हणाली. "घट्ट टाका उसवताना कापड फाटतं. उसवणाऱ्याचा विचार आधी करायचा."

"उसवणार कोण पण, मावशी?"

मावशीने पुढची घडी दाखवली.

तिसऱ्या दिवशी अडीचला ती फ्रॉक घेऊन गेली. दार उघडं होतं. मुलगी अंगणात आली होती, आखूड बाह्या पाठीमागे लपवून. तिच्यापुढे बाई उभ्या होत्या. फ्रॉक बसतो का ते पाहायला अवताराने हात वर करावे लागतात आणि ते ज्याचं त्याने बटण दाबून करायचं असतं. गोगलगाय म्हणाली, "काकू, तिच्या फोनवरून ते हाताचं बटण..."

तिचं वाक्य पुरं झालं नाही. मुलीने आपणहून दोन्ही हात वर केले, हनुवटी उचलली आणि शिंप्यासमोर उभं राहायची सवय असलेलं मूल जसं निमूट उभं राहतं, तशी उभी राहिली.

"फोन तर ड्रॉवरमध्ये चार्जिंगला आहे," बाई कुजबुजल्या. "ती अशीच उभी राहायची... अगदी अशीच."

मग त्या रडल्या. गोगलगाय अंगणाच्या कडेला थांबून राहिली. तिला भीती वाटत होती, पण जावंसं वाटत नव्हतं.

त्यानंतर बाईंचे निरोप अधूनमधून यायचे. 'आज आली होती.' 'आज झोपाळ्यावर बसली.' बाह्यांची तक्रार कधीच आली नाही. सहा महिने गेले. एके दुपारी गोगलगायीच्या मनात आलं, उंची तर वाढली असणार, मग फ्रॉक पुरतोय कसा? बाईंना विचारून तिने फ्रॉक उघडला आणि उलटा केला.

तिने डोळे बारीक करून घेराच्या कडेकडे पाहिलं. मग तिने मावशीला हाक मारली. तीसुद्धा मोठ्याने.

बाह्यांची आणि घेराची एकेक घडी सोडवलेली होती. जिथे कापड आत दुमडलेलं होतं, तिथे बोटभर पट्टा बाकीच्या फ्रॉकपेक्षा गडद निळा दिसत होता, धुऊन धुऊन विटलेल्या कपड्याचा दिसतो तसा. फ्रॉकचा रंग विटेल अशी काहीही सोय तिने केलेली नव्हती. आणि मोकळ्या झालेल्या कडेला नव्याने बारीकशी दुमड घालून हाताने तुरपाई केली होती.

"मी नाही केलं," गोगलगाय म्हणाली. "काकूंनाही हे येत नाही. त्यांना वाटलं, मीच..."

मावशीने चष्मा लावला आणि कॉम्प्युटरच्या पडद्याच्या अगदी जवळ गेली. टाक्यांवरून, काचेला न लावता, बोट फिरवलं.

"तू उजव्या हाताची आहेस," ती हळूच म्हणाली. "तुझा टाका इकडे झुकतो. हे सगळे तिकडे झुकलेत. डाव्या हाताने घातलेत." मग आणखी वाकून बघत, "टाके मोठे आहेत. शिकतेय अजून."

गोगलगायीने फ्रॉक हळूहळू गोल फिरवला. तुरपाई घेराच्या कडेने जात होती, वाकडीतिकडी, कुठे जवळ, कुठे लांब. मागच्या बाजूला, अजून वीतभर शिवायचं राहिलं होतं तिथे, ती संपली.

शेवटच्या टाक्यात सुई तशीच अडकवून ठेवलेली होती. कुणीतरी मध्येच उठून गेलं होतं. सुईतला दोरा अजून हलत होता.