धरून ठेवलेली जागा

चित्राखालची ओळ: *समुद्राकाठच्या गावातलं थिएटर. खाऱ्या हवेने छतावरचं सोनेरी काम सोललं आहे. त्याच्या पापुद्र्यांनी खुर्च्यांच्या पाठी भरल्या आहेत.*

पुस्तकात एवढंच जाईल. उरलेलं इथे.

ताई जगभर फिरून बंद पडलेल्या थिएटरांचे फोटो काढते. त्या फोटोंचं पुस्तक निघणार आहे. चित्रांखालच्या ओळी मी लिहितो आणि टॉर्चही मीच धरतो. आधी टॉर्च भावोजी धरायचे. ते गेल्या हिवाळ्यात गेले. दवाखान्यात, आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. त्यात गूढ काही नाही.

ताई महिनाभर बोलली नाही आणि मग एकदम बॅग भरायला लागली. निघताना आईने मला दारामागे ओढलं.

"पुस्तक गेलं चुलीत. हिला नीट परत घेऊन ये."

"आणणार की. सोडून कुठे येतोय?"

"चेष्टा नकोय. घेऊन ये."

आमचं काम असं चालतं. थिएटरात मिट्ट काळोख असतो. कॅमेरा ट्रायपॉडवर लावायचा आणि शटर बराच वेळ उघडं ठेवायचं. तेवढ्यात मी काळे कपडे घालून सगळीकडे फिरतो आणि रंगारी ब्रश फिरवतो तसा भिंतींवरून, छतावरून टॉर्च फिरवतो. फोटोत भिंती येतात, मी येत नाही, कारण मी हलत असतो. हलणारं फिल्मवर उमटत नाही. स्थिर असेल तेच उमटतं. म्हणून नियम एकच: शटर उघडं असताना थांबायचं नाही. बसायचं तर मुळीच नाही.

"थांबलास तर भूत होशील, बारक्या," ताईने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. फोटोत अर्धवट उमटलेल्या माणसाला ती भूत म्हणते.

समुद्राकाठच्या फोटोत माणूस नव्हता. खुर्च्या मात्र होत्या. जुन्या थिएटरातल्या त्या स्प्रिंगच्या खुर्च्या: उठलं की बैठक आपोआप वर जाऊन पाठीला चिकटते. सगळं थिएटर मिटलेलं. फक्त एका रांगेत, मधल्या वाटेला लागून, दोन बैठका खाली होत्या.

"स्प्रिंग गंजली," मी म्हणालो. समुद्राजवळ लोखंडाचं दुसरं काय होणार?

*

चित्राखालची ओळ: *खाणीच्या शहरातलं थिएटर. पडदा फाटला आहे. त्यामागच्या विटांवर कुणीतरी खडूने ढग काढले आहेत.*

दुसरा देश, कोरडी हवा, वेगळ्या घडणीच्या खुर्च्या. तिथे काम करताना मी मुद्दाम रांगांमधून टॉर्च फिरवला होता. सगळ्या बैठका वर होत्या. मी पाहिलं होतं.

मुक्कामावर येऊन फिल्म धुतली. मधल्या वाटेला लागून दोन बैठका खाली.

ताईने फोटोवर भिंग धरलं आणि बराच वेळ उचललं नाही.

"तो असंच करायचा," ती शेवटी म्हणाली.

"काय करायचे?"

"आठवत नाही? आधी आत जाऊन बसायचा. कडेला, पाय लांब म्हणून. आणि शेजारची खुर्ची हाताने दाबून धरायचा. मी येईपर्यंत."

आठवत होतं. लोक हसायचे. एवढा मोठा माणूस आणि पंजाने खुर्ची दाबून बसलाय. मग ताई यायची आणि तिच्या दुसऱ्या बाजूची खुर्ची माझ्यासाठी दाबून धरायची, कारण पॉपकॉर्नच्या रांगेत मला उभं केलेलं असायचं. भावोजी, ताई, मी. बसायचा क्रम कधी बदलला नाही.

"ताई, योगायोग आहे."

"हो रे, शहाण्या."

ती हसली. कित्येक महिन्यांनंतर पहिल्यांदा. मला ते आवडलं नाही.

*

चित्राखालची ओळ:

(ही अजून लिहायची आहे.)

पुढच्या थिएटरला भर दुपारी पोचलो. बाहेर रस्त्यावर डोळे दिपवणारं ऊन. वॉचमनने साखळी काढली.

"टोप्या आहेत ना? आत कबुतरं आहेत. त्यांना कलेची कदर नाही." स्वतःच्या विनोदावर तो मनापासून हसला. "लवकर आटपा. या आठवड्यात पाडायला येणार आहेत."

आत थंडावा होता. ओल्या कापडाचा वास. भिंतींवर प्लास्टरच्या बायका दिवे धरून उभ्या होत्या. दिवे गेले होते, हात तसेच. लाल मखमल उन्हात ठेवलेल्या भाजीसारखी फिकटली होती. इतकं सुंदर थिएटर मी पाहिलं नव्हतं, आणि इतक्या लवकर बाहेर पडावंसंही कुठे वाटलं नव्हतं.

सगळ्यात आधी मी खुर्च्या पाहिल्या. सगळ्या वर. मधल्या वाटेजवळची एक खाली दाबून सोडली. फाडकन मिटली. आवाज बाल्कनीपर्यंत जाऊन परत आला.

"झालं समाधान?" ताई म्हणाली.

"झालं."

तिने कॅमेरा पडद्यासमोरच्या कट्ट्यावर लावला, तोंड खुर्च्यांकडे. एरवी ती मागून, वर बाल्कनीतून, पडद्याच्या दिशेने फोटो काढते. मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

"शटर उघडलं," ती म्हणाली. "चालायला लाग."

मी भिंतीकडेने निघालो. प्लास्टरच्या बायका एकेक करून उजळल्या आणि विझल्या. जिना चढून बाल्कनीत गेलो. टॉर्च छतावर फिरवत होतो तेव्हा खालून आवाज आला. स्प्रिंगचा. हळू, जपून खाली बसवलेल्या बैठकीचा.

लगेच दुसरा.

कबुतर असेल, मी मनात म्हणालो. कबुतर बैठक खाली करत नाही हेही मनातच म्हणालो.

"ताई?"

मी टॉर्च खाली वळवला. कट्ट्यावर कॅमेरा एकटा होता. ताई मधल्या वाटेने वर चालत येत होती, उशीर झालेला प्रेक्षक येतो तशी, जरा वाकून.

"ताई, शटर उघडं आहे!"

"माहीत आहे."

ती कडेच्या खुर्चीपुढून, कुणाचे तरी पाय चुकवत, आडवी सरकली.

आणि बसली.

मी धावलो. जिना, दार, भिंत. रांगेच्या दुसऱ्या टोकाने शिरलो. अंधारात माझा गुडघा तिच्या डावीकडच्या खुर्चीवर आपटला. ती खुर्ची मिटलेली होती. कळ मस्तकात गेली, म्हणून पक्कं आठवतं.

कडेच्या खुर्चीची बैठक खाली होती. तिच्यावर कुणी नव्हतं.

ताईचा उजवा हात दोन खुर्च्यांमधल्या दांडीवर होता. उताणा. बोटं किंचित वळलेली.

"चल," मी म्हणालो.

"थांब ना. सुरू व्हायचंय अजून."

तिची नजर पडद्यावर होती.

"काय सुरू व्हायचंय?"

"श्श."

मी तिचा डावा दंड धरून ओढला. ती हलली नाही. ताईचं वजन मला माहीत आहे. हे तिचं एकटीचं वजन नव्हतं.

"ताई, आई वाट बघतेय."

तिने वळून पाहिलं. मग तिचा उजवा हात हळूच मिटला, सुटला. ती उठली.

मी तिच्या बैठकीचा फाडकन आवाज यायची वाट पाहिली.

आवाज आला नाही.

मी मागे पाहिलं नाही. कट्ट्यावर जाऊन शटर बंद केलं, ट्रायपॉड तसाच खांद्यावर टाकला आणि उन्हात आलो.

"मॅडम कुठेत?" वॉचमनने विचारलं.

"ही काय," माझ्या मागून ताई म्हणाली.

*

आईला दिलेला शब्द मी पाळला. ताई घरी आहे. नीट आहे. बोलते, हसते, माळे झाडते, पडदे धुते, गॅलरीतल्या कुंड्या या टोकाहून त्या टोकाला नेते.

"पोर माणसात आली," आई म्हणते. "देव तुझं भलं करो."

ते थिएटर पाडलं. काल मी फिल्म धुतली.

धावणारा मी फोटोत नाही. ते बरोबरच आहे. ताई तिथे जेमतेम चार वाक्यं बोलण्याइतकी बसली होती. उमटलीच असती तर धुरासारखी. पण ती स्पष्ट आहे. पापण्या दिसतात. कानातल्याचा खडा दिसतो. शटर उघडल्यापासून मिटेपर्यंत न हलता बसलेलं माणूस असं उमटतं. कडेची खुर्ची खाली आहे. आणि ताईच्या डावीकडची, जिच्यावर माझा गुडघा आपटला, तीही खाली आहे. ताईने ती डाव्या पंजाने दाबून धरली आहे.

या फोटोखाली काय लिहावं मला सुचत नाही.

बाहेरच्या खोलीत ताईची पावलं ऐकू येताहेत. खिडकीपर्यंत, दारापर्यंत, पुन्हा खिडकीपर्यंत. परतल्यापासून तिला बसलेली मी पाहिलेली नाही. जेवतेही फिरत फिरत.

"अगं, बस की जरा," आई म्हणते आहे. "पायाला चाकं लावलीत का?"

ताई हसते. पावलं थांबत नाहीत.

मी हे उभ्याने लिहितो आहे. एका पायावरून दुसऱ्या पायावर होत.