बारीक भोंगा

थर्मामीटर टीं-टीं करून गप्प झाला, तरी पप्पा तो अंजलीच्या काखेत धरूनच बसले होते.

"अजून वाजला नाही," ते म्हणाले.

अंजलीचा ताप तिथेच अर्धा उतरला. तिने दादाकडे, संघर्षकडे पाहिलं. दोघांच्या मनात एकच आलं: चाकणच्या कारखान्यातला भोंगा!

महिन्यापूर्वी तिथे पत्रा दाबणाऱ्या प्रेसखाली पप्पांच्या जोडीदाराची, रोहिदासकाकांची दोन बोटं गेली होती. आत कुणाचा हात असला की भोंगा वाजतो. बटणांवरच्या माणसाने लगेच हात उचलायचे, म्हणजे प्रेस थांबते. बटणांवर पप्पा होते. भोंगा वाजल्याचं सगळेच सांगत होते, म्हणून पप्पांनी चूक आपलीच समजून मान खाली घातली. तेव्हापासून त्यांना घास गोड लागत नव्हता. काकांची सायली ही अंजलीची जिवाभावाची मैत्रीण. पण सुट्टी लागली तरी ती अंजलीच्या कासारवाडीच्या घराची पायरी चढली नव्हती.

"थर्मामीटरची टीं-टीं ऐकू येत नाही, तर तसलाच बारीक भोंगा कसा येईल? जाड आवाज तर येतो त्यांना," संघर्ष म्हणाला.

सुपरवायझर रणजीतसाहेबांनी भोंग्याचं रेकॉर्डिंग पुरावा म्हणून पप्पांच्या फोनवर पाठवलं होतं. संघर्षने ते कॉम्प्युटरवर घेतलं आणि सॉफ्टवेअरमध्ये वेग तोच ठेवून सूर खूप खाली ओढला. बारीक टीं-टींचं जाड भों-भों झालं. ताप उतरताच अंजली सायलीकडे गेली. दार अर्धंच उघडलं. पण सगळं ऐकल्यावर सायलीने चपला घातल्या.

कारखान्यात साहेब आधी हसलेच. पोरांनी पप्पांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं नि स्पीकरवर खरा भोंगा लावला. साहेबांनी कान झाकले. पप्पा हलले नाहीत. मग संघर्षने जाड भोंगा लावला, तेवढ्याच आवाजात.

पप्पांचे दोन्ही हात झटक्यात वर गेले, समोर बटणं असल्यासारखे!

"हा वाजला असता तर..." पप्पा आपल्या हातांकडे बघत म्हणाले.

जुना जाड आवाजाचा भोंगा काढून हा नवा साहेबांनीच आणला होता. ऑफिसात वाजवून पाहिला होता. प्रेसच्या दणक्यात उभी हयात गेलेल्या एकाही कानाला विचारलं नव्हतं.

"चूक माझी, भीमराज," ते पप्पांना म्हणाले. "जुना भोंगा आजच परत चढवतो."

संध्याकाळी रोहिदासकाकांनी पट्टी बांधलेला हात पोरांच्या डोक्यावरून फिरवला. "शाब्बास, पोरांनो. बोटं काय माघारी यायची न्हाईत. पर माझा जोडीदार आला."

सायली पप्पांपुढे उभी राहून बारीक आवाजात काहीतरी पुटपुटली. पप्पा नुसते हसले. अंजलीच्या बडबडीवरही ते हल्ली असेच हसायचे. तिला वाटायचं, आपले विनोद त्यांना आवडतात.

"काय म्हणाली गं ती?" त्यांनी विचारलं.

अंजलीने डोळे पुसले आणि आवाज जमेल तेवढा जाड केला.

"म्हणते, चुकलं माझं, काका."