आप्पांनी वाजवलं ती संध्याकाळ

"आप्पा, खरं सांगा... तुम्ही त्या लोकांच्या सोहळ्यात वाजवणार?"

व्हायोलिनच्या तारा पुसणाऱ्या आप्पांनी थोरलीकडे मान वर करून पाहिलंच नाही. "वाजवणार. आणि तुम्ही तिघं भावंडं दुपारच्या बोटीने मावशीकडे निघायचं. वाद नको!"

आई गेल्यापासून त्या घरात आप्पांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ! पहाटे रियाज, एक सूर हलला की पुन्हा पहिल्यापासून... जुलमी राजवट आली तेव्हा त्यांनीच बजावलं होतं, "उपाशी राहू, पण यांच्यापुढे गाणार नाही!" त्याच शब्दाला जागून थोरली भर चौकात निषेधाचं गाणं गायली, आणि तिला धरून न्यायचा हुकूम निघाला. मग अधिकाऱ्याने आप्पांना कचेरीत बोलावलं. म्हाताऱ्याने सोहळ्यात वाजवावं, पोरं सुखरूप बाहेर जातील!

हे तिला सांगायचं कसं? कळलं असतं तर ती हटूनच बसली असती... आईवर गेली होती ना! आप्पांनी फक्त मावशीला कळवलं.

"माझे वडील आज मेले!" एवढं बोलून थोरलीने धाकट्यांचे हात धरले आणि मागे न बघता ती निघून गेली. आप्पांच्या काळजाचं पाणी पाणी झालं... पण संध्याकाळी त्यांनी वाजवलं.

पुढे सहा वर्षं गल्लीने त्यांना वाळीत टाकलं. शिष्य गेले, समोरचा शिंपी त्यांचा सदराही शिवेना. आप्पांनी कुणापाशी अवाक्षर काढलं नाही.

राजवट कोसळली, आणि एका सकाळी थोरली दारात उभी! मावशीने शेवटच्या आजारपणात सगळं सांगून टाकलं होतं.

"का नाही सांगितलंत, आप्पा? मी... मी तुम्हाला काय बोलून गेले!"

"सांगितलं असतं, तर गेली असतीस?"

त्यांच्या गुडघ्यांवर डोकं टेकून ती हमसून हमसून रडली. मग डोळे पुसून उठली आणि तिने तडक शिंप्याचं दार ठोठावलं. मग त्यापुढचं, मग त्याच्याही पुढचं... जिथे दार उघडलं नाही, तिथे बाहेरूनच ओरडून तिने सगळी हकिकत सांगितली.

शिंपी खाली मान घालून आला. "आप्पा, चुकलो आम्ही... एकदा वाजवा हो, सगळी गल्ली ऐकायला येईल."

आप्पांनी दोन्ही हात मांडीवर उताणे टाकले.

"नाही रे बाबा. जन्मात एकदाच खोटं वाजवलं मी... आणि त्यालाही टाळ्या पडल्या! तेव्हापासून हात उचलवतच नाही."

थोरलीने शेजारी बसून ते हात आपल्या हातांत घेतले.