मोजणीबाहेरचं एक

घंटा झाली तशा खडकवाडीच्या शाळेत बावीस पाट्या हळू आवाजात बोलू लागल्या. माणदेशातल्या त्या वाडीला आता त्याचं नवल राहिलं नव्हतं. पाटी म्हणजे मुलाच्या हातातला एक पातळ पडदा, अन् त्याच्या आत राहणारा न दिसणारा शिक्षक. मूल कुठे अडखळतं, कुठे उडी मारतं, हे तो ऐकून घेई आणि त्याच्याच बोलीत धडा सांगे. हा शिक्षक कुणा कंपनीचा नव्हता. राज्यभरच्या मास्तर-बायांनी मिळून तो घडवला होता. कुणीही आत डोकावावं, बदल करावा, खाली आपलं नाव लिहावं.

सुमित्रा कोळेकर बाईंनीही लिहिलं होतं. मेंढपाळांची मुलं विसाविसानं मोजतात, म्हणून ती मोजणी पाटीला बाईंनीच शिकवली. दिवाळी झाली की सोळा मुलं कळपामागे कोकणाची वाट धरत आणि पाटी त्यांच्या घोंगड्यात गुंडाळून जाई.

आज दुपारी शाळा समिती बसणार होती. ‘ज्ञानसारथी’ हे विकतचं सॉफ्टवेअर घ्यायचं का, ते ठरणार होतं. त्याच्या करारात एक कलम होतं: ते शाळेच्या आवाराबाहेर चालणार नाही, आणि ते आलं की पाटी बंद. सोळा मुलांची शाळा कुंपणापाशी संपणार होती.

आणि नेमका आज सकाळी दापोलीकडच्या एका शिक्षकाचा निरोप आला. ‘बाई, आमची पोरं वीस होड्या बघून एकोणीस म्हणतात आणि पाटी त्यांना शाबासकी देते. जरा बघता का?’

बाईंनी पाटी उघडली आणि धड्यामागून धडा मागे जात शोधू लागल्या. तासाभरात धागा सापडला. त्याच्या टोकाला त्यांचंच नाव होतं.

शाळेतल्या मायाक्का हुलवानच्या आईनं सांगितलेली ओवी बाईंनी मोठ्या हौसेनं मोजणीच्या धड्यात घातली होती:

विसावर वीस बाई, मेंढरं मोजिते
बिरोबाचं एक बाई, मोजणीत न येते

बिरोबा देवाला सोडलेलं मेंढरू मोजायचं नसतं. वाडीत हे रांगतं पोरही जाणतं, म्हणून ते वेगळं सांगायचं बाईंना सुचलंच नाही. पाटी शिकवता शिकवता शिकत असे. तिनं एवढंच उचललं, की मोजताना एक सोडायचं. ते शिकणं चारशे शाळांत पोचलं होतं.

केंद्रप्रमुख लोखंडे सरांनी ऐकलं आणि व्हरांड्यात इकडेतिकडे पाहिलं. “आज तोंड उघडू नका, बाई. उद्या गुपचूप दुरुस्त करून टाका.”

“गुपचूप होतच नाही त्यात काही, सर. दुरुस्तीखालीसुद्धा नाव लागतं.”

“मग हरलात समजा.”

बैठकीत ‘ज्ञानसारथी’च्या कंपनीचा माणूस अदबीनं बोलला. “आमचा प्रत्येक धडा तज्ज्ञ तपासतात. कुणीही उठून काही घालावं, असं आमच्यात नाही.”

बाई उभ्या राहिल्या. पदर सावरून त्यांनी सगळं सांगितलं. ओवीही म्हणून दाखवली. 

अध्यक्ष तात्या हुलवान, मायाक्काचे आजोबा, पागोटं मांडीवर ठेवून म्हणाले, “म्हंजे देवाच्या मेंढरानं कोकणातली होडी खाल्ली म्हणा की!”

हसू पिकलं, पण लगेच विरलं. एक जण म्हणाला, “चूक ती चूकच, तात्या. लेकरांचा सवाल हाय.”

दाराशी उभी असलेली नऊ वर्षांची मायाक्का पुढे आली आणि तिनं नमुन्याला आणलेला सारथीचा पडदा ओढून घेतला. तिला नवी वस्तू हाताळायची होती, एवढंच. “मी सात ठिकाणी वीस-वीस मेंढरं बघितली. किती झाली?”

“छान प्रश्न!” गोड आवाज म्हणाला. “एकशे एकोणचाळीस.”

कंपनीच्या माणसानं प्रश्न पुन्हा विचारला. उत्तर तेच आलं, एकशे चाळीसाला एक कमी.

“आमचंच उचललं व्हय रं तुमी?” तात्यांनी विचारलं.

“मला खरंच ठाऊक नाही, आजोबा.”

“आत बघा की मग.”

“आत काय आहे, ते आम्हालाही दाखवत नाहीत. मी वर कळवतो.”

मतं पडली. चार पाटीला, तीन सारथीला. ते तिघे म्हणाले, चूक झाली तर निदान कुणाची कॉलर धरावी ते तरी विकतच्यात कळतं. बाईंना त्यांचं म्हणणं अगदीच खोटं वाटलं नाही.

शाळा सुटल्यावर त्यांनी मायाक्काच्या आईला शेजारी बसवून घेतलं. देवासाठी मोजणं वेगळं आणि हिशेबासाठी मोजणं वेगळं, असे दोन धडे दोघींनी बोलून बोलून केले. ओवी ठेवली. खाली चूक कुणाची, दुरुस्ती कुणाची, ते लिहिलं. सूर्य बुडायच्या आत दापोलीहून उत्तर आलं: ‘वीस होड्या, वीस.’

बाई मात्र उठल्या नाहीत. जाता जाता कंपनीच्या माणसानं सांगितलं होतं, सारथी आज नऊ हजार शाळांत आहे. तिथंही मुलं कसलं ना कसलं मोजत असतील, एक सोडून देत असतील आणि शाबासकी घेत असतील. ते सोडलेलं एक बिरोबाच्या वाट्याचं, हे त्या मुलांना कुणी सांगायचं?