न हलणाऱ्या गाड्या

नागपुरात पारा सत्तेचाळीसवर गेला होता. शहरातले साठ हजार घरगुती चार्जर भारनियंत्रण कक्षातल्या संगणकाच्या ताब्यात होते. विजेची मागणी वाढली, की तो चार्जरला जोडलेल्या गाड्यांच्या बॅटरीतून वीज परत ओढून शहराला पुरवत असे. याला परतपुरवठा म्हणत. कोणती गाडी आधी रिकामी करायची, हा नियम निशिकांत वैरागडेने लिहिला होता.

"जी गाडी सर्वांत कमी हलते, तिची गरज सर्वांत कमी," दोन वर्षांपूर्वी त्याने सहकारी तहसीन काझीला समजावलं होतं.

"पण सर, मालकाला नाही म्हणता यायला हवं. चार्जर त्याच्या भिंतीवर आहे."

"नकाराचं बटण दिलं, तर प्रत्येक जण दाबेल. मग वीज आणायची कुठून?"

बटण दिलं गेलं नाही.

एप्रिलमध्ये प्रतापनगरच्या वामनराव डहाक्यांच्या पत्नीला, कमलताईंना, भर दुपारी पक्षाघात झाला. गाडीत चार टक्के वीज होती. रुग्णवाहिका यायला पन्नास मिनिटं लागली. कमलताई वाचल्या, पण वाचा गेली. बातमी वाचून निशिकांतने नोंदी काढल्या. गाडी एकोणचाळीस दिवस हलली नव्हती. त्या सकाळी ती पूर्ण भरलेली होती.

तीन आठवडे तो कुणाशी काही बोलला नाही. मग एका रविवारी डहाक्यांच्या घरी गेला. वामनराव पत्नीला चमच्याने पेज भरवत होते.

"माझीच चूक झाली जी," ते म्हणाले. "वायर नीट लावली नसंल मी. हिच्यासाठीच गाडी राखून ठेवली होती. भाजी आणायलासुद्धा काढत नव्हतो."

"वायर नीट होती, काका. वीज मी काढली." आणि त्याने सगळा नियम सांगितला.

वामनरावांचा चमचा वाटीतच राहिला. "म्हणजे जपून ठेवली, म्हणून गेली?"

"हो."

"एकदा विचारायचं तरी होतं."

नियम बदलायचा प्रस्ताव निशिकांतने दुसऱ्याच दिवशी वर पाठवला. उन्हाळा संपल्यावर पाहू, असं उत्तर आलं. इकडे वामनरावांनी शेजाऱ्यांना सावध केलं, शेजाऱ्यांनी नातेवाइकांना. पंधरवड्यात शहरभर लोक सकाळी गाड्या उगाच फिरवून आणू लागले. गाडी हलली की संगणकाच्या यादीत नाव खाली जाई.

आज दुपारी मागणी चढली आणि पडद्यावर यादी उमटली. पहिलं नाव वामनराव डहाके.

"त्यांनीच तर सगळ्यांना सांगितलं ना?" तहसीन म्हणाली. "मग त्यांची गाडी कशी काय उभी?"

"कमलताईंना एकटं टाकून ते फिरायला जातील कसे?"

निशिकांतने ते नाव हाताने वगळलं. संगणकाने लगेच पुढचं नाव वर आणलं : सुमन खोब्रागडे, सव्वीस दिवस.

ही गाडी का उभी होती, ते संगणकाला ठाऊक नव्हतं. निशिकांतलाही नव्हतं. त्याने सगळ्या यादीचाच आदेश रोखून धरला.

"सर, सहा मिनिटांत वीज मिळाली नाही, तर अर्धं प्रतापनगर बंद पडेल."

त्याने नावाखालचा नंबर फिरवला. "ताई, भारनियंत्रण कक्षातून बोलतोय. तुमच्या गाडीतली वीज घेऊ का?"



"निम्मी घ्या. निम्मी मला लागेल, उद्यापासून डायलिसिसला जायचंय." मग तिने विचारलं, "पण इतके दिवस न विचारताच नेत होता ना?"

निशिकांत "हो" म्हणाला.